मीठ कोणाचे? पडद्यावरचा मंगल पांडे आणि मुंबईतले दोन उठाव

केतन मेहता यांचा 'मंगल पांडे : द रायझिंग' हा चित्रपट १२ ऑगस्ट २००५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याविषयी जी चर्चा झाली ती मुख्यतः सत्यासत्यतेची होती. मंगल पांडे खरोखर तसा होता का, त्याला क्रांतिकारक म्हणावे की प्रसंगाने पुढे ढकलला गेलेला एक शिपाई, चित्रपटातली नाचगाणी इतिहासाला शोभतात का, असे ते प्रश्न होते. इतिहासकारांनी त्यांना आपापली उत्तरे दिली, बलियाकडच्या लोकांनी आपला रोष व्यक्त केला आणि चित्रपट यथावकाश विस्मृतीच्या वाटेला लागला. आम्हांला मात्र त्या चित्रपटातली एक वेगळीच गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. हा चित्रपट उठावाचा म्हणून ओळखला जात असला तरी त्याचा कणा मैत्रीचा आहे. मंगल पांडे हा हिंदुस्थानी शिपाई आणि विल्यम गॉर्डन हा गोरा कप्तान या दोघांचे सख्य, त्या सख्याची कसोटी आणि त्याचा शेवट, ही त्याची खरी कथा होय.

अफगाण युद्धात मंगलने गॉर्डनचे प्राण वाचवलेले असतात. हे ऋण गॉर्डन मानतो. दोघे कुस्ती खेळतात, एकमेकांची चेष्टा करतात, हुद्दा आणि वर्ण यांच्या भिंतीत एक फट पाडून तिच्यातून बोलतात. नव्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावली आहे अशी कुणकुण उठते, तेव्हा वरिष्ठांच्या सांगण्यावर विसंबून गॉर्डन ती अफवा असल्याचे शिपायांना सांगतो आणि त्याच्या शब्दाखातर मंगल ते काडतूस दातांनी तोडतो. पुढे खरे काय ते कळते. चित्रपटातला सर्वांत प्रभावी भाग हाच. येथे साम्राज्याचा खोटेपणा जाहीरनाम्यातून उघडा पडत नाही, एका मित्राच्या तोंडून नकळत निघालेल्या खोट्या शब्दातून तो मंगलच्या प्रत्ययाला येतो. अखेरीस गॉर्डन कंपनीच्या विरुद्ध बाजूस जाऊन उभा राहतो आणि प्रेक्षकाला एक समाधान लाभते : निदान एक गोरा तरी मैत्रीला जागला.

गॉर्डन हे पात्र बऱ्याच अंशी कल्पित आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, कथाकाराला तेवढी मुभा असते. परंतु या कल्पित मैत्रीवर प्रकाशझोत टाकल्यामुळे बराकपूरच्या मैदानात प्रत्यक्ष काय घडले त्यातली गुंतागुंत अंधारात राहते. २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडेने सार्जंट-मेजर ह्यूसन आणि लेफ्टनंट बॉ यांच्यावर शस्त्र उगारले, तेव्हा शेख पलटू या त्याच्याच पलटणीतल्या शिपायाने त्याला कंबरेला धरून आवरले. पहाऱ्यावरचा जमादार ईश्वरी प्रसाद याने मात्र मंगलला पकडण्याचा हुकूम सोडला नाही. बाकीचे शिपाई जागचे हलले नाहीत. मंगल ८ एप्रिलला फासावर गेला, ईश्वरी प्रसाद त्याच महिन्यात त्याच्या मागोमाग गेला आणि शेख पलटूला बढती मिळाली. चौकशीत मंगलने कोणा साथीदाराचे नाव घेतले नाही. एका दुपारच्या या घटनेत निष्ठेचे किती प्रकार एकत्र आलेले दिसतात! हुकुमाशी, सोबत्याशी, धर्माशी आणि निव्वळ आपल्या जिवाशी. यांतला कोणताच प्रकार शिपाई आणि साहेब यांच्या मैत्रीच्या चौकटीत बसत नाही.

आपल्या भाषेत निष्ठेसाठी जो शब्दप्रयोग रूढ आहे तो मिठाचा आहे. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा सद्गुण आणि 'निमकहरामी' हे पाप. कंपनी सरकारने ही कल्पना आपल्या लष्करी व्यवस्थेच्या पायाशी चपखल बसवून घेतली. पायदळातल्या शिपायाला महिन्याला सात रुपये मिळत. त्या सात रुपयांच्या मोबदल्यात त्याने कंपनीचे मीठ खाल्ले असे ठरे आणि मग त्या मिठाला जागण्याचे बंधन त्याच्यावर येई. हे मीठ येत होते कुठून, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नसे. मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर ते याच किनाऱ्यावरच्या, शीव-वडाळ्याच्या आणि कोकणातल्या मिठागरांतून येत होते आणि १८३७ पासून त्यावर कंपनीनेच अबकारी कर बसवला होता. पिकवणारा येथला, खाणारा येथला, कर घेणारी कंपनी आणि तरीही मीठ मात्र कंपनीचे! बंडाच्या काळात निष्ठेविषयी जे वाद झाले ते मुळात या हिशेबाचे वाद होते, असे आमचे मत आहे. आणि तो हिशेब ज्या शहरात दोन वेळा उघडपणे मांडला गेला ते शहर मुंबई होय.

पहिली वेळ १८५७ ची. मुंबई त्या वर्षी शांत राहिली, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते अर्धेच खरे आहे. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी देशी पलटण उठली आणि मुंबईतल्या गोऱ्या वस्तीची झोप उडाली. शहरात तेव्हा तीन देशी पलटणी होत्या : १० वी, ११ वी आणि कंपनीच्या जहाजांवर चाकरी करणारी मरीन बटालियन. गोरे सैनिक जेमतेम चारशे. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांची भिस्त होती ती चार्ल्स फोर्जेट या पोलीसप्रमुखावर. फोर्जेट हा मिश्र वंशाचा, हिंदुस्थानातच वाढलेला, मराठी व हिंदुस्तानी अस्खलित बोलणारा. वेष पालटून तो बाजारांतून आणि मोहल्ल्यांतून हिंडे. त्याच्या नावाचा रस्ता आजही ताडदेवला आहे.

त्या वर्षी ऑगस्टअखेर मोहरमचे दिवस होते आणि शिपाई त्या गर्दीचा फायदा घेऊन उठतील अशी फोर्जेटला भीती होती. त्याने ठिकठिकाणी बंदोबस्त ठेवला. अखेरच्या रात्री एक लहानशी घटना घडली, तिच्याकडे इतिहासलेखकांनी ओझरते पाहिले आहे. १० व्या पलटणीतल्या एका ख्रिस्ती ताशेवाल्याने दारूच्या धुंदीत हिंदूंच्या एका मिरवणुकीतली देवमूर्ती पाडली. पोलिसांनी त्याला पकडून कोठडीत घातले. हे कळताच त्याच्या पलटणीतले शिपाई धावून गेले, कोठडीतून त्याला सोडवले आणि उलट दोन पोलिसांनाच धरून आपल्या वसाहतीत नेले. प्रकरण हातघाईवर आले. फोर्जेट स्वतः घोड्यावरून तेथे पोहोचला आणि त्याचे मोजके गोरे स्वार येईपर्यंत त्याने खवळलेल्या शिपायांना कसेबसे थोपवून धरले.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. सत्तावनचा उठाव धर्म बुडाल्याच्या भयाने पेटला असे आपण म्हणतो आणि त्यात तथ्य आहेच. पण येथे देवाची मूर्ती पाडणाऱ्या एका ख्रिस्ती वादकासाठी हिंदू आणि मुसलमान शिपाई पोलिसांच्या अंगावर गेले. कारण तो त्यांच्या पलटणीचा होता. एकत्र राहणे, एकत्र कवायत करणे, एकाच हुद्देदाराच्या शिव्या खाणे यांतून निर्माण झालेले हे नाते होते. पलटण उभी केली कंपनीने, परंतु पलटणीतले सख्य कंपनीच्या मालकीचे नव्हते. साहेबाकडे वर पाहणारी निष्ठा आणि शेजारच्या सोबत्याकडे पाहणारी निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रात्री मुंबईच्या रस्त्यावर दिसून आले.

मोहरमचा बेत फसल्यावर दिवाळीचा मुहूर्त धरण्यात आला. धोबीतलावाच्या उत्तरेला, गिरगावाच्या वाटेवर सोनापूर म्हणून जो स्मशानाचा भाग आहे, तेथे गंगाप्रसाद नावाच्या एका पुरोहित-वैद्याच्या घरी शिपायांच्या गुप्त बैठका होत. फोर्जेटला याचा सुगावा लागला. त्याने गंगाप्रसादला रात्री उचलून आणले, धाक व लालूच दाखवून त्याच्याकडून सारे काढून घेतले आणि मग त्याच्याच घरात भिंतीला भोक पाडून त्यामागे दबा धरून बसला. पलीकडे शिपाई बोलत होते आणि अलीकडे फोर्जेट ऐकत होता. उठून शहर लुटायचे आणि मग बेटाबाहेर पडायचे, असा तो बेत.

फोर्जेट पोलीस होता, त्याच्या सांगण्यावर लष्करी अधिकारी विश्वास ठेवतील याची त्याला खात्री नव्हती. आपल्या शिपायांच्या निष्ठेबद्दल या अधिकाऱ्यांना फार अभिमान असे. म्हणून एका रात्री त्याने मरीन बटालियनचा प्रमुख मेजर बॅरो यालाच त्या भिंतीमागे आणून बसवले. बॅरोने भोकातून पाहिले आणि तो हादरून गेला. समोर त्याचीच माणसे बसली होती, ज्यांना तो रोज कवायतीला पाहत होता ती. हे शक्य आहे यावरच त्याचा विश्वास बसेना.

मेजर बॅरो आणि चित्रपटातला कप्तान गॉर्डन यांना शेजारी ठेवून पाहावे असे आम्हांस वाटते. गॉर्डनची मैत्री ही आपल्याला हवी असलेली मैत्री आहे, बॅरोचा धक्का हा त्या काळातल्या खऱ्या नात्याचा पुरावा आहे. बॅरो दुष्ट होता असे मानण्याचे कारण नाही. आपल्या शिपायांवर त्याचा जीव असावा, नाहीतर त्याला एवढा धक्का का बसावा? पण 'माझी माणसे' या शब्दांत प्रेम आणि मालकी यांची जी सरमिसळ असते ती त्याला कधी दिसली नसणार. त्या माणसांच्या मनात काय चालले आहे हे जाणून घ्यायला त्याला एका पोलिसाची मदत आणि भिंतीतले भोक लागले. गॉर्डनसारखे गोरे असतीलही, पण साम्राज्याच्या छावणीतल्या जिव्हाळ्याचा नेहमीचा प्रकार हा बॅरोचा होता. त्यात माया होती, ओळख नव्हती.

मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन आणि १० व्या पलटणीतला शिपाई मंगल गाडिया (याचे आडनाव कागदोपत्री वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेले आढळते) यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, दिवाळी तोंडावर आलेली असताना, एस्प्लनेडच्या मैदानावर त्या दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. आजचे आझाद मैदान हा त्याच एस्प्लनेडचा एक तुकडा. आणखी सहा जणांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एक हिंदू, एक मुसलमान, एक समुद्रावरच्या पलटणीचा, एक जमिनीवरच्या. बराकपूरच्या मंगलला देश ओळखतो, मुंबईच्या मंगलला मुंबईही फारशी ओळखत नाही.

गंगाप्रसादचे काय, हा प्रश्न अवघड आहे. त्याला फितूर म्हणून मोकळे होणे सोपे, पण अपरात्री उचलून पोलिसांपुढे उभ्या केलेल्या माणसाकडून कोणत्या निष्ठेची अपेक्षा करायची? शहरातल्या प्रतिष्ठितांचीही गत फार निराळी नव्हती. गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट म्हणजे मुंबईच्या शिक्षणसंस्थांचा आणि सार्वजनिक जीवनाचा आधारस्तंभ. परंतु उठावाच्या काळात त्यांच्यावरही संशय घेतला गेला आणि चौकशीअंती ते निर्दोष ठरले. आयुष्यभराची मान्यता एका कुजबुजीने डळमळावी, इतकी राजनिष्ठा ही ठिसूळ वस्तू होती. ती सिद्ध करण्याचा भार नेहमी प्रजेवर असे, सरकारवर कधीच नसे.

यानंतर मिठाचा प्रश्न जवळजवळ पाऊण शतक आत धुमसत राहिला आणि १९३० साली तो शब्दशः मिठाच्याच रूपाने वर आला. दांडीनंतर मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांच्या झुंडी गेल्या. दादर-माटुंग्याच्या पलीकडच्या त्या खारवटीत माणसांनी लाठ्या खाऊन मूठमूठ मीठ उचलले. मीठ सरकारचे नाही, आपले आहे, हे सांगण्याची ती रीत होती. सामान्य माणसाच्या पातळीवर तो हिशेब त्या दिवसांत चुकता झाला. सैनिकाच्या पातळीवर तो व्हायचा होता.

ती दुसरी वेळ १९४६ ची. १८ फेब्रुवारी रोजी कुलाब्यातल्या 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातल्या नाविकांनी अन्न नाकारले आणि काम बंद केले. निकृष्ट जेवण, गोऱ्या व काळ्या नाविकांच्या पगारातली तफावत आणि कमांडर किंग याच्या शिवीगाळीने झालेला अपमान ही तात्कालिक कारणे. त्याआधीच बलाईचंद्र दत्त या तरुण नाविकाला भिंतींवर 'भारत छोडो'च्या घोषणा लिहिल्याबद्दल अटक झाली होती. ज्या सत्तेने 'आमचे मीठ खाल्लेस' म्हणून निष्ठा मागितली, तिच्याविरुद्धचा शेवटचा मोठा सैनिकी उठाव जेवणाच्या ताटावरून सुरू व्हावा, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे.

दोन दिवसांत संप बंदरातल्या जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या बराकींत पसरला, मग कराचीसह इतर बंदरांत. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, मुस्लीम लीग आणि लाल बावटा असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. २१ फेब्रुवारीला कॅसल बॅरक्समध्ये, म्हणजे आजच्या आय.एन.एस. आंग्रेच्या जागी, गोळीबार झाला. बराकींना वेढा घालायला प्रथम मराठा पलटणीचे शिपाई उभे केले होते. त्यांनी नेम धरून गोळ्या चालवल्या नाहीत असे नाविकांच्या बाजूने लिहिलेल्या हकिकतींत येते, सरकारी कथन निराळे आहे. पुढे तेथे गोरे सैनिक आणण्यात आले, यावरून त्या शिपायांच्या मनाविषयी सरकारला काय वाटत होते ते कळते. सातारा-रत्नागिरीकडचा तो शिपाई बंदूक धरून उभा असताना त्याच्या मनात काय आले असेल, याचा विचार करताना आम्हांला सत्तावनच्या त्या ताशेवाल्याची आणि त्याच्यासाठी धावलेल्या सोबत्यांची आठवण होते.

नाविकांची रसद तोडण्यात आली तेव्हा मुंबईचे लोक गेटवेपाशी अन्न घेऊन आले. इराण्यांनी आणि दुकानदारांनी आपापल्याकडचे खाद्यपदार्थ दिले, सामान्य लोकांनी घरून डबे आणले. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी ते होड्यांत चढवायला हातभार लावल्याच्याही आठवणी नोंदलेल्या आहेत. आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातले हे निर्णायक दृश्य आहे. नाविक कोणाचे मीठ खातो, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी शहराने स्वतःच दिले.

दुसऱ्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून गिरण्या बंद पडल्या. काँग्रेसच्या आणि लीगच्या पुढाऱ्यांचा या हरताळाला पाठिंबा नव्हता, तरी परळ, लालबाग, डिलाइल रोडवरचा कामगार रस्त्यावर आला. ज्यांनी युद्धनौका आतून कधी पाहिली नव्हती अशा साचेवाल्यांनी नाविकांसाठी रस्त्यांवर अडथळे रचले. सरकारने लष्कर उतरवले. परळच्या गोळीबारात महिला संघाच्या कार्यकर्त्या कमल दोंदे ठार झाल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. अधिकृत आकड्यानुसार त्या दिवसांत मुंबईत २२८ माणसे मेली आणि हजारावर जखमी झाली. त्यांतले बहुसंख्य नौदलाचे नव्हते.

२३ तारखेला सकाळी संप मागे घेण्यात आला. सूडबुद्धीने कारवाई होऊ देणार नाही असे आश्वासन सरदार पटेलांनी आणि जिनांनीही दिले होते. आपण ब्रिटिशांपुढे नव्हे, हिंदुस्थानापुढे शरण जात आहोत, असे संप समितीने जाहीर केले. ते आश्वासन पाळले गेले नाही. शेकडो नाविकांना पकडण्यात आले, काढून टाकण्यात आले आणि स्वातंत्र्यानंतरही भारताच्या वा पाकिस्तानच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही. पटेलांची भूमिका अशी की लष्कराची शिस्त मोडू देता येणार नाही, स्वतंत्र हिंदुस्थानलाही लष्कर लागणारच आहे. या युक्तिवादाला उत्तर देणे सोपे नाही. कोणतेही राज्य आपल्या सैनिकाकडून वर पाहणारी निष्ठाच मागते, राज्य परक्यांचे असो की आपले. पण मग त्या नाविकांनी जो विश्वास टाकला तो कोणत्या खात्यात जमा धरायचा? बलाईचंद्र दत्त यांनी १९७१ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. कलकत्त्यात उत्पल दत्त यांनी या उठावावर 'कल्लोल' हे नाटक १९६५ साली मिनर्व्हा रंगमंचावर आणले आणि त्याच वर्षी ते तुरुंगात गेले. कूपरेजच्या परिसरात उठावाचे स्मारक आहे. गिरणगावातल्या मृतांना मात्र पडद्यावरच्या मंगल पांडेच्या शतांशानेही जागा मिळाली नाही.

याचे कारण, आम्हांस वाटते, कथेच्या सवयीत आहे. मैत्रीची कथा म्हटली की दोन माणसे लागतात, त्यांना चेहरे लागतात, एकाने दुसऱ्यासाठी काही सोडावे लागते. गॉर्डन-मंगल ही जोडी या साच्यात नीट बसते. परळचा साचेवाला आणि बंदरातला नाविक यांनी एकमेकांना पाहिलेच नव्हते. ताशेवाल्याला सोडवणाऱ्या शिपायांची नावे कोणी टिपली नाहीत. ओळख नसताना टिकणाऱ्या या सख्याला पडद्यावर कसे दाखवायचे, हा दिग्दर्शकापुढचा खरा पेच आहे. केतन मेहतांना तो सुटला नाही म्हणून त्यांना दोष देता येणार नाही, त्यांनी दुसरी गोष्ट सांगायची ठरवली होती.

सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांच्यामागे अन्न घेऊन येणारे शहर नव्हते. सोनापुरातले एक घर होते आणि त्याच्या भिंतीला भोक होते. एकोणनव्वद वर्षांनी नाविकांसाठी तेच शहर गेटवेवर आणि लालबागच्या नाक्यावर आले. या दोन तारखांच्या मधल्या काळात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, कामगार संघटना झाल्या, वडाळ्याचे मीठ उचलले गेले आणि 'आपले' या शब्दाचा परीघ पलटणीपुरता न राहता चाळीपर्यंत आला. एस्प्लनेडवरच्या त्या दोघांचा आणि परळच्या कमल दोंदे यांचा इतिहास एकाच प्रकरणात लिहिला जावा, एवढीच आमची मागणी आहे.